वॉट बघू नका, लुमेन बघा

प्रश्न : नमस्कार ताई, आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. घर जुनं आहे, हॉल आणि किचनमध्ये अजून चोकवाल्या ट्यूब, बाकी पिवळे बल्ब नाहीतर सीएफएल. यंदा सगळं एलईडी करायचं म्हणतोय पण मागं आणलेले स्वस्तातले एलईडी वर्षभरपण टिकले नाहीत. त्यात सासूबाईंना पांढरा उजेड डोळ्यांना टोचतो. काय घ्यावं?

उत्तर : वहिनी, एकदम सगळं बदलू नका, जो दिवा जास्त वेळ चालू असतो तो आधी. त्या ट्यूबपासनंच सुरू करा, ४० वॉटची ट्यूब असली तरी चोक वेगळी वीज खातोय, मिळून पन्नासच्या आसपास जातंय, तिथं २० वॉटची एलईडी बॅटन, म्हणजे पट्टीसारखी एलईडी ट्यूब, पुरते. पिवळ्या बल्बचा तर हिशोबच बघा, ६० वॉटचा रोज ५ तास लावला तर महिन्याला ९ युनिट, त्याच जागी ९ वॉटचा एलईडी दीड युनिटसुद्धा खात नाही. माळ्यावरचा बल्ब उडेल तेव्हा बदला, घाई नाही.

घेताना वॉटवर जाऊ नका, वॉट फक्त दिवा वीज किती खातोय ते सांगतात. उजेड लुमेनवर कळतो, खोक्यावर लिहिलेलं असतंय, त्याला वॉटनं भागा, ९ वॉटला ९०० लुमेन म्हणजे वॉटला १००, हा आकडा जास्त तो बल्ब चांगला. बीईईचे वीजबचतीचे स्टार आणि बीआयएसचा दर्जाचा शिक्का नसेल तर स्वस्त असला तरी घेऊ नका.

आता टिकत का नाहीत, तर बहुतेक वेळा आतली एलईडी जात नाही, तिला वीज पुरवणारा ड्रायव्हर जातो, उष्णतेनं आणि व्होल्टेज वरखाली झाल्यानं. म्हणून बंद काचेच्या गोळ्यात साधा एलईडी कोंडू नका, होल्डर ढिला असेल तर आधी तो बदला, आणि वॉरंटीसाठी बिल मागून घ्या, दुकानदार बदलून देतो म्हणाला की लोक बिल सोडून देतात, तसं करू नका.

सासूबाईंच्या खोलीत आणि देवघरात २७०० ते ३००० केल्विनचा घ्या (केल्विन म्हणजे उजेडाचा रंग सांगणारा आकडा), पिवळसर उजेड असतो. ६५०० चा पांढराफेक असतो, तो किचनच्या ओट्यावर ठीक.

जुने सीएफएल कचऱ्याच्या गाडीत टाकू नका, त्यात पारा असतो. ई-कचरा घेणाऱ्याकडं द्या. घरात फुटलाच तर पोरांना बाहेर काढा, खिडक्या उघडा, आणि झाडू न मारता जाड कागदानं तुकडे गोळा करून ओल्या कागदानं पुसून घ्या.