उणे २० ला सगळं गोठत नाही

प्रश्न : आमच्या विभागातल्या फ्रीझरमध्ये सीरमच्या (रक्ताची गुठळी काढल्यावर उरणाऱ्या द्रवाच्या) नळ्या उणे २० अंशांवर तीन वर्षं आहेत. त्यांतली प्रथिनं आता मोजली तर आकडे धरावेत का?

उत्तर : काय मोजताय त्यावर ठरेल. आयजीजी (रक्तातलं एक प्रतिपिंड) चिवट आहे, त्याची फार काळजी नको. एलडीएच हे एन्झाइम उलट नाजूक. त्याचे यकृतातले आणि स्नायूंमधले प्रकार गोठवल्यावरच क्षमता गमावतात, म्हणून ते ताज्या नमुन्यातच मोजावं. फसवं निघतं ते सी३, रोगप्रतिकारातलं एक प्रथिन. साठवणीत ते तुटतं, पण बऱ्याच चाचण्या त्याचे तुकडेही मोजतात. आकडा ठीक येतो नि प्रथिन मोडलेलं असतं.

उणे २० ची नळी हाताला दगड लागते, पण आत थोडा द्रव उरलेला असतो. पाण्याचा बर्फ आधी होतो. क्षार आणि प्रथिनं उरलेल्या दाट, खारट पाण्यात कोंडली जातात. साधं मिठाचं पाणीसुद्धा पूर्ण गोठायला उणे २१ च्या खाली जावं लागतं, सीरमला तर उणे ३० च्या आसपास. तोवर अल्ब्युमिन या रक्तातल्या मुख्य प्रथिनातल्या मोकळ्या सिस्टीनचं (एका अमिनो आम्लाचं) ऑक्सिडेशन हळूहळू चालूच राहतं. उणे ८० ला ते जवळपास थांबतं.

त्यातून फ्रीझर फ्रॉस्ट-फ्री असेल तर आणखी वाईट : साचलेला बर्फ काढायला त्यातला हीटर अधूनमधून चालतो आणि नळ्या दरवेळी थोड्या तापतात. असा फ्रीझर भाजीला बरा, नमुन्यांना नाही.

हे नमुने वापरायचेच असतील तर रुग्ण आणि निरोगी, दोन्ही गट सारख्याच जुन्या साठ्यातले घ्या. तीन वर्षांचे रुग्ण आणि कालचे निरोगी अशी तुलना केलीत, तर आजाराऐवजी फ्रीझरचा परिणाम मोजाल.

पुढच्या वेळी ०.२ ते ०.५ मिलिलिटरचे भाग करून पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या, फिरकीच्या झाकणाच्या नळ्यांत भरा. काठोकाठ नको, बर्फ सुमारे ९ टक्के फुगतो. फार रिकामीही नको, बाष्प झाकणाखाली जमून नमुना दाट होतो. नळी कितव्यांदा वितळवली तेही लेबलवर लिहा.

प्रश्न : वितळवलेल्या प्लाझ्मात (न साकळलेल्या रक्तातल्या द्रवात) पांढरे धागे का दिसतात?

उत्तर : बहुतेकदा तो फायब्रिनोजेनचा, म्हणजे रक्त साकळवणाऱ्या प्रथिनाचा, साका असतो. ४ अंशांवर सावकाश वितळवलं की फायब्रिनोजेन आणि फॅक्टर ८ (तेही साकळण्याचंच प्रथिन) खाली बसतात. रक्तपेढ्या क्रायोप्रेसिपिटेट, म्हणजे हाच साका, याच युक्तीने काढतात. म्हणून रक्त साकळण्याच्या चाचणीसाठी नळी ३७ अंशांच्या वॉटर बाथमध्ये सुमारे पाच मिनिटं ठेवा आणि चाचणी लगेच लावा.

धागे नसले तरी नळी आठ-दहा वेळा हळुवार उलटी-सुलटी करा. वितळताना वर पातळ आणि तळाशी दाट असे थर पडतात; न ढवळता वरून पिपेट लावलंत तर सगळीच प्रथिनं कमी येतील. व्हॉर्टेक्स (नळी जोरात घुसळणारं यंत्र) नको, फेसात प्रथिनं बिघडतात.