निकेल ऑक्साइड अँटिफेरोमॅग्नेटिक असताना त्याचे नॅनोकण चुंबकत्व का दाखवतात?

मुख्यतः कणांच्या पृष्ठभागामुळे: तिथल्या निकेल अणूंना सर्व बाजूंनी शेजारी मिळत नाहीत, त्यामुळे अँटिफेरोमॅग्नेटिक पदार्थात एकाआड एक परस्परविरुद्ध दिशांना असणारी चुंबकीय आघूर्णे (प्रत्येक अणूचे जणू छोट्या चुंबकासारखे बळ) एकमेकांना पूर्ण रद्द करत नाहीत आणि थोडे निव्वळ चुंबकत्व शिल्लक राहते. मोठ्या स्फटिकात सुमारे ५२५ केल्विनच्या खाली ही आघूर्णे समतोल साधतात, परंतु पाच नॅनोमीटरच्या कणात अणूंचा बराच मोठा हिस्सा पृष्ठभागावरच असतो. फ्रेंच भौतिकशास्त्रज्ञ लुई नेल यांनी ही कल्पना १९६१ मध्ये मांडली होती.

नाशिकमध्ये एमएस्सीच्या विद्यार्थ्यांकडून हे कण तयार करून घेत असल्याने एक गोष्ट आवर्जून सांगतो. हे चुंबकत्व क्षीण असते. तेव्हा मुशीतली भुकटी साध्या चुंबकाला झटकन चिकटत असेल, तर आधी धातुरूप निकेलचा संशय घ्यावा. सोल-जेल ज्वलनात (द्रावणाचे जेल करून ते पेटवण्याच्या पद्धतीत) सायट्रिक आम्ल जास्त झाले की काही ऑक्साइडचे क्षपण होते, म्हणजे त्यातला ऑक्सिजन निघून धातू उरतो, आणि वजनाने केवळ एक टक्का निकेलसुद्धा प्रतिग्रॅम सुमारे ०.५ ईएमयू (चुंबकीय आघूर्णाचे एकक) इतके चुंबकन देते. तांब्याच्या के-अल्फा किरणांनी घेतलेल्या एक्सआरडी (क्ष-किरण विवर्तन) आलेखात ४४.५ अंशांजवळ शिखर दिसते का, ते पाहावे. मात्र इतके अल्प निकेल तिथे सहज निसटते, म्हणून भुकटी हवेत पुन्हा भाजून, म्हणजे उरलेल्या निकेलचे ऑक्साइड करून, चुंबकन घटते का याचे मोजमाप करणे अधिक खात्रीचे, फक्त त्यात कण थोडे वाढतात.