साडेतीन वर्षांच्या मुलाला ऑटिझम आहे. नेहमीच्या बालवाडीत घालावं, की आधी बोलायला लागू द्यावं?

घाला. बोलायची वाट बघत घरी ठेवू नका.

तुम्ही लिहिलंय की निदान दोन महिन्यांपूर्वी झालं, स्पीच थेरपी आणि ओटी (ऑक्युपेशनल थेरपी, रोजची कामं जमावीत म्हणूनची) सुरू आहे, कोथरूडमधल्या दोन बालवाड्यांनी "आमच्याकडे तशी सोय नाही हो" म्हणून परत पाठवलं, आणि सासूबाई म्हणतात वर्षभर थांबू, मुलगे उशिराच बोलतात. सासूबाईंचं मनाला लावून घेऊ नका, त्या काळजीपोटी बोलतात. त्या दोन बालवाड्यांबद्दल मात्र मला बोलायचंय. मी 19 वर्षं बालवाडीत ताई आहे, आणि "सोय नाही" हे वाक्य एकेकाळी मीसुद्धा पालकांना ऐकवलेलं आहे.

सोय म्हटलं की रॅम्प, लिफ्ट आणि डिग्रीवाली स्पेशल टीचर एवढंच डोळ्यांपुढे येतं. तुमचा मुलगा चालतो, जिने चढतो. त्याला लागणारी सोय कशी असते ते एका घंटेवरून सांगते.

आमच्याकडे साडेदहाला डब्याची सुट्टी. मावशी पितळी घंटा वाजवायच्या, लाकडी मुठीची, पूजेतल्या घंटीपेक्षा बरीच मोठी. एका जूनमध्ये पावणेचार वर्षांचा एक मुलगा आला. तुमच्या मुलासारखाच, बोलणं नाही, नजर फार देत नाही. घंटा वाजली की दोन्ही हात कानांवर, मग डोकं सतरंजीखाली, आणि मग अशी किंकाळी की शेजारच्या वर्गातली छोटी मुलंही रडायला लागायची. आम्ही आमच्या मते शहाणपणा केला. दहा पंचवीसला त्याला ऑफिसात नेऊन बसवायचं आणि घंटा होऊन गेली की परत आणायचं. रडणं थांबलं, सगळे खूश. पण तो परत येईपर्यंत बाकीच्यांचे डबे उघडलेले असायचे, गोल भरलेला असायचा, आणि तो दाराशी उभा. डबा म्हणजे आपण बाहेर, एवढंच आम्ही त्याला महिनाभर शिकवलं.

तोडगा काढला मावशींनी. मी नाही, आमच्या बाईंनी नाही, त्याच्या थेरपिस्टनेही नाही. मावशींनी घंटेच्या लोलकाला जुन्या साडीची चिंधी घट्ट गुंडाळली आणि घंटा सरळ त्याच्या हातात दिली. पहिले तीन दिवस त्याने ती नुसती छातीशी धरली. चौथ्या दिवशी हलवली, "ठप" असा आवाज आला, तो दचकला आणि परत हलवली. पंधरा दिवसांनी त्याने स्वतःच चिंधी ओढून काढली. त्याला आवाजाची भीती होतीच, पण कधी येणार ते ठाऊक नसलेल्या आवाजाची जास्त होती. आता घंटा त्याच्याच हातात म्हटल्यावर ती कधी वाजणार हे त्याच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं. दिवाळीपर्यंत अशी वेळ आली की मावशी पाण्याचे पेले भरायला लागल्या की हा कपाटापाशी हजर. आणि पोरं ओरडायची, "ए, त्याला बोलवा ना, भूक लागली!"

त्याला तेव्हाही एक शब्द येत नव्हता. पण 24 मुलांचं त्याच्यावाचून अडत होतं.

माझं सगळं उत्तर एवढंच आहे खरं तर. बालवाडी बघायला जाल तेव्हा "तुम्ही स्पेशल मुलं घेता का" असं विचारू नका. हो म्हणणारेसुद्धा पुष्कळदा मुलाला कोपऱ्यात मावशींच्या मांडीवर बसवून ठेवतात आणि फी घेतात. दिवसभरात असं काय आहे जिथे या मुलावाचून वर्गाचं अडेल, हे त्या ताईंना सुचतंय का, ते बघा. चटया घालणं, कुंडीला पाणी घालणं, गोष्टीच्या वेळी दिवा बंद करणं, काहीही चालेल.

याच्या उलट माझ्या हातून काय झालं तेही सांगते, कारण ते दिसायला फार गोड होतं. सेरेब्रल पाल्सी (मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचालींवर ताबा कमी) असलेली एक मुलगी होती, आधार दिला की बसायची. आषाढीला आमची दिंडी निघते, छोटी नऊवारी, छोटे फेटे, सगळं पुणं करतं तसं. मी तिला रुखमाई केलं. फुलांनी सजवलेल्या गाड्यात बसवलं, पालकांच्या डोळ्यांत पाणी, फोटोच फोटो, माझं कौतुक. ती मात्र कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत रडत होती. मला वाटलं गजरा टोचतोय. संध्याकाळी तिची आजी म्हणाली, "ताई, तिला टाळ हवे होते." रुखमाईचे हात कमरेवर. टाळ वारकऱ्यांच्या हातात. मी तिला देव्हाऱ्यात बसवून दिंडीतून बाहेर काढलं होतं की!

पुढच्या वर्षी ती वॉकरमध्ये होती. तिची डावी मूठ उघडते, म्हणून एक टाळ वॉकरच्या डाव्या दांडीला दोरीने बांधला आणि दुसरा तिच्या हातात. पंधरा मिनिटांची दिंडी चाळीस मिनिटं चालली, कारण ती दमली की सगळी दिंडी थांबायची. बाकीची पोरं तेवढ्यात फुगड्या घालत होती. कोणाचं काही बिघडलं नाही, एका रिक्षावाल्याचा हॉर्न सोडला तर.

तिच्यासाठी दुसरी एक गोष्ट केली ती तिच्या फिजिओच्या सांगण्यावरून. सगळी मुलं सतरंजीवर आणि ती एकटी खुर्चीत, म्हणजे तिचं तोंड कायम सगळ्यांच्या डोक्यांवरून. सुताराकडून प्लायवूडची कोपऱ्यासारखी बैठक करून घेतली, जमिनीला टेकलेली, दोन बाजूंनी पाठीला आधार. त्या दिवसापासून शेजारची मुलं तिच्याशी भांडायला लागली, खेळणी ओढायला लागली. मला इतकं बरं वाटलं!

आता "ही जागा नॉर्मल मुलांसाठी आहे" असं कोणी ऐकवलं तर एक गंमत लक्षात असू द्या. पुण्यात गल्लोगल्ली माँटेसरीच्या पाट्या आहेत. त्या मारिया माँटेसरी बाईंनी 1900 च्या सुमारास रोममध्ये सुरुवात केली ती बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांबरोबर. तिथे उपयोगी पडलेली साधनं आणि पद्धत त्यांनी 1907 मध्ये सॅन लोरेंझो वस्तीतल्या बालगृहात इतर मुलांसाठी आणली. म्हणजे मुळात जी मुलं आत होती त्यांनाच आज दारातून परत पाठवतात.

कायद्याचं थोडक्यात सांगते, कारण या वयाला त्याचा उपयोग अर्धाच आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा 2016 चा. त्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत, ऑटिझम त्यात आहे. 1995 च्या जुन्या कायद्यात 7 होते, त्यात नव्हता. सरकारी अनुदानाच्या किंवा मान्यतेच्या शिक्षणसंस्थांनी भेदभाव न करता प्रवेश द्यायचा, असं त्यात आहे. मोफत शिक्षणाचा हक्क मात्र 6 ते 18 वर्षं. सोसायटीच्या तळमजल्यावरचा प्लेग्रुप यात कुठे बसवणार? आणि समजा भांडून प्रवेश मिळवलात, तरी रोज सकाळी मूल त्यांच्याच हातात सोडायचंय. म्हणून या दोन वर्षांसाठी भांडण्यापेक्षा शोधण्यात शक्ती घाला. भांडायची ताकद पहिलीसाठी राखून ठेवा. तेव्हा शिक्षण हक्क कायद्याच्या (आरटीई) खाजगी शाळांतल्या 25 टक्के राखीव जागांमध्ये दिव्यांग मुलं वंचित घटकात येतात, पण 40 टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र लागतं. यूडीआयडी कार्डाचं (दिव्यांगांच्या सरकारी ओळखपत्राचं) काम त्यासाठी आत्ताच सुरू करा, एका फेरीत होत नाही.

अंगणवाडीचा विचार केलात का? नाही केला असणार, फ्लॅटमध्ये राहणारं कोणी करत नाही. 1975 पासून चालू असलेली योजना आहे, 3 ते 6 वयाचं शिक्षण तिच्यात आहेच. 2023 च्या नोव्हेंबरमध्ये केंद्राने दिव्यांग मुलांसाठी अंगणवाडीची वेगळी कार्यपद्धतीही काढली: लवकर ओळखणं, वर्गात सामावून घेणं, पुढे पाठवणं. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक वर्षातून दोनदा अंगणवाडीत तपासणीला येतं, आणि गरज असेल तर जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. प्रत्यक्षात सेविका रजिस्टरं आणि पोषण ट्रॅकर या सरकारी ॲपच्या ओझ्याखाली वाकलेली असते, हे खोटं नाही. पण मी अशीही सेविका पाहिली आहे जिने कुठलंही प्रशिक्षण नसताना न बोलणाऱ्या मुलीला सगळ्या गाण्यांचे हातवारे शिकवले होते. जवळची अंगणवाडी एकदा डोकावून बघा, एवढंच म्हणते.

थेरपी सोडू नका, पण ती बालवाडीच्या वेळात कोंबूही नका. विशेषतः मोकळ्या खेळाच्या तासाला मूल उचलून स्पीचला नेणं मला अजिबात पटत नाही. बोलायची गरज पडते ती नेमकी तिथेच, कोणीतरी त्याची लाल गाडी पळवल्यावर. दोन तास बालवाडी, घरी जेवण, झोप, मग थेरपी, असं जमलं तर उत्तम. विकासाची तपासणी नीट झाली नसेल तर रास्ता पेठेतल्या केईएम हॉस्पिटलचं टीडीएच मॉरिस सेंटर या कामासाठीच आहे.

शॅडो टीचरबद्दल (वर्गात फक्त तुमच्या मुलासाठी ठेवलेली मदतनीस) तुम्ही विचारलं नाहीत, पण कोणीतरी सुचवेलच. ठेवा किंवा ठेवू नका, पण ती मुलाला चिकटून बसत असेल तर बाकीची मुलं त्याच्याशी न बोलता तिच्याशी बोलतात. "त्याला पाणी हवंय का?" हे तिला विचारतात, त्याला नाही. तिने वर्गात हिंडावं, इतरांच्या नाड्या बांधाव्यात, आणि लागेल तेव्हा त्याच्यापाशी यावं. अशी मिळाली तर पैसे वसूल.

एका बाबतीत मी "नेहमीच्याच बालवाडीत घाला" असं डोळे मिटून म्हणणार नाही, ती ऐकू न येणारी मुलं. श्रवणयंत्र किंवा खुणांची भाषा यांपैकी काहीच हाताशी नसताना अशा मुलाला तीस बोलक्या पोरांत सोडलं तर त्याला दिवसभर कुठलीच भाषा मिळत नाही. तुमचा प्रश्न तो नाही, पण हे उत्तर दुसरे पालकही वाचतील म्हणून लिहिलं.

इतर पालकांचं सांगायचं तर, कोणीतरी म्हणेलच, "त्याचं बघून आमचाही तसं करेल." करतो की. आमच्या घंटेवाल्याचं बघून चार जण हात फडफडवायला लागले होते, आठवड्याने कंटाळले. मुलांचे प्रश्न सोपे असतात, उत्तरही साधं द्यावं. "तो का बोलत नाही?" "त्याचं बोलणं अजून आलेलं नाही. तो तुझा हात धरून नेतो ना, तेव्हा बघ कुठे नेतोय." एवढं पुरतं. "तो देवाचं मूल आहे" वगैरे कृपा करून सांगू नका, ती रुखमाई परत उभी राहते.

तुमचा शेवटचा प्रश्न, निदान सांगावं की लपवावं. सांगा. पण पहिल्या भेटीत जाडजूड फाइल टेबलावर ठेवू नका, ती बघूनच निम्म्या ताई घाबरतात. घरी बसून मुलाबद्दल एक पान लिहा, मोठ्या अक्षरात. माझ्याकडे आलेल्या एका चांगल्या पानावर साधारण असं होतं:

"सू लागली की चड्डी ओढतो. नको असेल तर मान फिरवतो, ढकलत नाही. मिक्सर आणि फुगे फुटण्याला घाबरतो. पंख्याकडे बघत बसला तर जरा बघू द्या, मग पाण्याची बाटली पुढे करा, येतो. डोक्यावर हात फिरवलेला आवडत नाही, पाठीवर चालतो. रडला तर उचलू नका, शेजारी बसा. दहीभात खातो, शिरा खात नाही. 'ये रे ये रे पावसा' म्हटलं की हसतो."

जाताना मुलाला घेऊन जा, आणि डब्याच्या वेळेच्या थोडं आधी जा. बालवाडीचा खरा चेहरा तेव्हाच दिसतो. हात धुवायला रांग कशी लावतात, सांडलं तर कोण ओरडतं, मावशी मुलांशी वाकून बोलतात की वरूनच. पानाची एक प्रत ताईंना द्या आणि एक मावशींना. मावशींना वाचायला जमत नसेल तर वाचून दाखवा, दिवसातून सहा वेळा संडास-बाथरूमला त्याच नेणार आहेत. फाइल मागितली तर द्या, नाही मागितली तर राहू दे घरी.