आधी दवाखाना, मग आपत्ती व्यवस्थापन

कर्नाटकातल्या निपाणी तालुक्यातील एका पालकांचे पत्र आले आहे. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगेच्या पुराने यमगर्णीजवळ महामार्ग बंद पडला, तेव्हा त्यांच्या कुटुंबाने गावच्या शाळेत दिवस काढले; आज बी.एस्सी. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या त्यांच्या मुलीला मदतकार्यातच करिअर करायचे आहे. तिला लगेच आपत्ती व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला घालावे का, असे ते विचारतात.

माझे उत्तर आहे, इतक्यात नको. मदत संस्थांना नर्स, पाणीपुरवठ्याचा अभियंता, गोदाम सांभाळणारा, हिशेब लिहिणारा अशी हातात काम असलेली माणसे लागतात, आणि डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्ससारखी संस्था साधारणपणे किमान दोन वर्षांचा अनुभव मागते. तेव्हा तिने आधी मोठ्या रुग्णालयाच्या अपघात विभागात दोन-तीन वर्षे काढावीत. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेतील हा अभ्यासक्रम त्यानंतर केला, तर तिला तिथले प्रश्न स्वतःचे वाटतील. एनडीआरएफ, म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, याविषयीही आपण विचारले आहे. त्या दलातील जवान सीमा सुरक्षा दल, सीआरपीएफ अशा केंद्रीय दलांतून प्रतिनियुक्तीवर येतात, त्यामुळे ती वाट निराळी आहे. (पुरात उडी घेणे हे नर्सचे काम नव्हे, एवढे तिच्या आईंना जरूर सांगावे.)

तयारी मात्र आजच सुरू करता येईल. मदतकार्यातील ‘स्फिअर’ मानकांनुसार छावणीत माणशी रोज किमान 15 लिटर पाणी, राहायला 3.5 चौरस मीटर जागा आणि 20 माणसांमागे एक शौचालय असावे लागते. ज्या शाळेत आपण राहिलात, तिथे तिने टेप घेऊन जावे. 20 फूट लांब-रुंद वर्गात जेमतेम दहा माणसे बसतात, आणि दोनशे लोक आले तर रोज 3,000 लिटर पाणी व दहा शौचालये लागतात, हे तिला तिथेच कळेल. टाकी किती लिटरची आहे, वीज गेल्यावर पाणी कोण चढवणार, बाळंतिणीला आडोसा कुठे मिळेल, हे सारे लिहून ते पावसाळ्यापूर्वी ग्रामपंचायतीला द्यावे.

ते लिहायचे मात्र कन्नडमध्ये, आणि काहींना हे रुचणार नाही याची मला कल्पना आहे. तिला कन्नड बोलता येते पण लिहिता येत नाही, असे आपण कळवता. आपल्या भागात महाराष्ट्रातल्या धरणांचा विसर्ग मराठीत कळतो आणि तालुका कचेरीतला अहवाल कन्नडमध्ये जातो, म्हणून दोन्हीकडचा कागद वाचू-लिहू शकणारी नर्स इथल्या कोणत्याही पथकाला हवीच असते. अंतिम परीक्षा संपताच तिने कन्नड लेखनाची शिकवणी लावावी; पदव्युत्तर प्रवेशाचा अर्ज दोन वर्षांनी भरला तरी चालेल.