मांडेल्स्लोवर लिहू पाहणाऱ्या तरुण अभ्यासकास

चि. यास,
अनेक आशीर्वाद.

योहान आल्ब्रेख्ट फॉन मांडेल्स्लो या जर्मन सरदारपुत्रावर मराठीत सविस्तर लिहिण्याचा तुझा संकल्प वाचून मनापासून आनंद झाला. तुझ्या आराखड्यात मात्र तो एप्रिल १६३८ मध्ये एकाएकी सुरतेस उतरतो आणि जानेवारी १६३९ मध्ये गोवा मागे पडताच लेखही संपतो. आपल्या भूमीवर वावरला तेवढाच माणूस उचलण्याचा मोह मी समजू शकतो. परंतु त्यामुळे जेमतेम बावीस वर्षांचा हा तरुण इतक्या दूर का आला, हा मूळ प्रश्नच बाजूला राहिला आहे.

त्याचा जन्म १६१६ सालचा, उत्तर जर्मनीतील श्योनबेर्ग येथला. पुढे दोनच वर्षांत तीस वर्षांचे युद्ध पेटले आणि त्याच्या उभ्या आयुष्यात ते विझले नाही. होल्स्टाइन-गोटोर्पचा ड्यूक तिसरा फ्रेडरिक याच्या दरबारात तो लहानपणीच दाखल झाला. दरबारी सेवा करता करता घोडेस्वारी, तलवार, भाषा आणि शिष्टाचार शिकायचे, मग फ्रान्स-इटलीचा प्रवास करून लष्करात किंवा दरबारात जागा मिळवायची, ही अशा मुलांची नेहमीची वाट होती. इराणचे रेशीम रशियामार्गे आपल्या छोट्या राज्यात आणून त्याचे व्यापारी केंद्र व्हावे, अशी ड्यूकची महत्त्वाकांक्षा नसती, तर मांडेल्स्लोही त्याच वाटेने गेला असता. याच हेतूने १६३५ मध्ये इराणकडे निघालेल्या, आणि मांडेल्स्लो जिच्यात सामील झाला त्या वकिलातीचे नेतृत्व विधिज्ञ फिलिप क्रुझियस आणि हाम्बुर्गचा व्यापारी ओटो ब्रुगमान यांच्याकडे होते, आणि आडाम ओलेआरियस हा विद्वान तिचा चिटणीस होता. कास्पियन समुद्रात त्यांचे जहाज फुटले. १६३७ मध्ये मंडळी इराणच्या तेव्हाच्या राजधानीत, इस्फहानला पोहोचली. व्यापाराचे मात्र काहीच जमले नाही, आणि परतल्यावर ब्रुगमानला गैरवर्तनाबद्दल १६४० मध्ये देहदंड झाला. या फसलेल्या मोहिमेतून स्वतःसाठी काही मिळवले ते मांडेल्स्लोने. हिंदुस्थानात जाण्याची ड्यूकची परवानगी त्याने घेतली होती, आणि १६३८ च्या जानेवारीत इस्फहान सोडून तो दक्षिणेकडे निघाला. हे सारे तुझ्या लेखात आले पाहिजे, आणि पुरेशा विस्ताराने आले पाहिजे.

आता ज्या बाबीसाठी मुख्यतः हे पत्र लिहीत आहे, तिच्याकडे येतो. मांडेल्स्लोच्या नावावर छापलेला प्रत्येक शब्द त्याचा समजू नकोस. त्याच्या प्रवासाची कागदपत्रे संपादित करून छापली ती ओलेआरियसने. १६५८ ची जर्मन आवृत्ती त्याच्या हातची आहे. पुढे फ्रेंच अनुवाद करताना अब्राहम द विकफोर्त याने इतर ग्रंथांतील मजकुराची मोठी भर घातली, आणि १६६२ चे इंग्रजी भाषांतर त्या वाढवलेल्या फ्रेंच पाठावरून झाले. म्हणूनच मांडेल्स्लो जेथे कधी गेलाच नाही, त्या जावा, चीन आणि जपानचीही वर्णने त्याच्या नावे वाचायला मिळतात. गुजरातविषयीच्या मजकुरातही डच अधिकारी योहान फान ट्विस्ट याच्या लेखनाची उसनवारी आहे. मराठी वाचकांच्या दृष्टीने हा मुद्दा अतिशय महत्त्वाचा आहे, कारण मुंबई इलाख्याच्या जुन्या गॅझेटियरांत कोकण आणि विजापूरच्या मुलखासंबंधी मांडेल्स्लोचा हवाला वारंवार येतो, आणि तू तीच अवतरणे प्रत्यक्षदर्शी साक्ष म्हणून घेतली आहेस. तो सुरतेहून गोव्याला समुद्रमार्गे गेला. गोवा ते विजापूर ही वाट त्याने पायाखाली घातलेली नाही. ती अवतरणे टाकून देण्याचे कारण नाही, पण ती कोणाची, हे शोधल्याशिवाय मांडेल्स्लोच्या तोंडी घालू नयेत.

याउलट त्याचे स्वतःचे असे जे वाटते, तेथे मनसोक्त रेंगाळ. सुरतेच्या इंग्रज वखारीत रोजच्या बैठकीत चहा घेतला जाई, ही त्याची नोंद प्रसिद्धच आहे. अहमदाबादच्या सुभेदाराकडील मेजवानीचा प्रसंग तर अंगावर काटा आणणारा आहे: बोलावूनही न आलेल्या नर्तकींची पाहुण्यांसमोर मुंडकी उडवण्यात आली, असे वृत्तान्त सांगतो. त्याला कोणताही माल विकायचा नव्हता, आणि त्याचा कुलीन दर्जा हीच इंग्रजांच्या घरी त्याची शिफारस होती. वखारवाल्यांच्या लेखनात मालाचे भाव आणि जकाती सापडतात. मांडेल्स्लोची नजर दरबार, मेजवानी आणि मानपान यांकडे अधिक वळते, आणि माझ्या मते त्याचे खरे मोल येथेच आहे.

गोव्याचे प्रकरण लिहिताना सुरतेच्या इंग्रज वखारीचा प्रमुख राहिलेल्या विल्यम मेथवोल्डला विसरू नकोस. त्याने १६३५ मध्ये पोर्तुगीज व्हाइसरॉयशी तह केला होता, म्हणून तर इंग्रज जहाज निर्धास्तपणे गोव्यास जाऊ शकले, आणि त्याच्याच सोबतीने मांडेल्स्लो तेथे पोहोचला. डच आरमार त्या वर्षांत गोव्याची नाकेबंदी करीत असे. या पार्श्वभूमीवर जेझुइट पंथाच्या पाद्र्यांनी पाहुण्यांच्या केलेल्या आदरातिथ्याचे वर्णन वाचलेस, तर तुझ्या मसुद्यात आज नुसता थाट दिसतो तेथे संकटात सापडलेले शहरही दिसेल.

परतीचा प्रवास थोडक्यात आटप. १६४० मध्ये तो गोटोर्पला परतला आणि १६४४ मध्ये, वयाच्या २८ व्या वर्षी, पॅरिसमध्ये देवीच्या रोगाने वारला. आपल्या नावावरचा ग्रंथ त्याने छापील रूपात पाहिला नाही, हे तेथे स्पष्टपणे नोंदव.

पुढचा मसुदा पाठवताना प्रत्येक अवतरणासमोर ते कोणत्या आवृत्तीतून घेतले, हे समासात लिही. जर्मन पाठ वाचण्यास अडचण आली तर कळव. विजापूरच्या भागापासून आपण दोघे मिळून ताडून पाहू.

कळावे, लोभ असावा.
तुझा शुभचिंतक