नवीन थर्मासमध्ये कॉफी गरम राहत नाही?

दोन तासांत कॉफी कोमट झाली म्हणून थर्मास लगेच परत करू नका. बहुतेक वेळा कॉफी थंडगार भांड्यात ओतलेली असते. आधी उकळतं पाणी भरून ५ मिनिटं ठेवा, ते ओतून द्या आणि लगेच कॉफी भरा. अर्धा थर्मास लवकर निवतो. भरा, पण वर बोटभर जागा सोडा, नाहीतर झाकण लावताना हात भाजतो.

- दुधाची कॉफी ३-४ तासांत संपवा. कोमट दूध नासतं.
- झाकणाची रबरी रिंग रोज काढून धुवा. वास तिथेच बसतो, आणि नवखे हेच विसरतात.
- सोड्यासारखं फसफसणारं पेय कधीच भरू नका, दाबाने झाकण उडतं.

एवढं करूनही भांडं बाहेरून तापत असेल, तर दोन भिंतींमधली निर्वात (हवा काढलेली) पोकळी गेली आहे, म्हणजे आत हवा शिरली आहे. मग मात्र बदलून घ्या.