गाडीच्या मागच्या चाकाचा हब (चाक ज्यावर बसतं तो बेअरिंगवाला भाग) पहिल्यांदाच बदलताय?

जरूर करा. फ्रंट व्हील ड्राइव्ह गाडीत, म्हणजे इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा गाडीत, मागे ॲक्सल शाफ्टची (चाक फिरवणाऱ्या दांड्याची) भानगड नसते, त्यामुळे काम पुढच्या हबपेक्षा सोपं.

पण आधी दोष हबचाच आहे ना, ते बघा. वेगाबरोबर वाढणारी घुरघुर झिजलेल्या टायरचीही असू शकते. चाक उचला, वर-खाली धरून हलवा. मग एक हात स्प्रिंगवर ठेवून चाक फिरवा. बोटांना खरखर जाणवली की बेअरिंग गेलंच समजा.

बेअरिंग ब्रेकच्या ड्रममध्ये दाबून बसवलेलं असेल, तर ड्रम काढून प्रेस (दाब देणारं यंत्र) असलेल्या वर्कशॉपला न्या. मागून चार बोल्टांनी धरलेला हब मात्र घरी बदलता येतो.

नवखे इथे चुकतात:

- नुसत्या जॅकवर काम. जॅक स्टँड (उचललेली गाडी पेलणारा स्थिर आधार) हवाच, वाद नको. पुढच्या चाकांना ठोकळे लावा, गाडी गिअरमध्ये ठेवा.
- हँडब्रेक सोडायचा राहतो. ड्रम निघत नाही, की लगेच हातोडा!
- एबीएसची (ब्रेक मारताना चाक लॉक होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर न सोडवता हब ओढतात.

गंजलेल्या बोल्टांवर आदल्या रात्रीच गंज सोडवणारा स्प्रे मारून ठेवा. नवा हब बसवण्याआधी बसायची जागा तारेच्या ब्रशने लख्ख घासा; गंजाची पापुद्री राहिली तर हब तिरका बसतो. टॉर्क रेंच (ठरावीक जोरानेच आवळता येणारा पाना) उसना आणा, पण अंदाजाने आवळू नका. आवळण्याच्या जोराचा आकडा तुमच्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधला घ्या.

पन्नासेक किलोमीटर चालवून व्हील नट पुन्हा तपासा.